तेलाचा लाल दिवा



कवीला बोलवलं की तो कवितेवर बोलणार, असं धरून चाललेलं असतं. आज मी बोलणार आहे जिप्सीच्या इंजिनात कोणतं तेल घालावं यावर. आमचं घर गॅरेजवाल्यांचं. वडील मिस्त्री, थोरले भाई मिस्त्री. मी घरातला एकटाच बी.ए., तेही मराठी घेऊन. त्यामुळे हातात पाना धरण्यातून माझी सुटका झाली आणि त्या बाबतीतला अडाणीपणा कायमचा पक्का झाला.

कराडच्या आमच्या गॅरेजात भाईंनी एक जिप्सी आणली होती. लष्कराच्या लिलावातली, तेराशे सीसीची, वरती कापडी टप. मारुतीनं ही गाडी १९८५ साली पहिल्यांदा काढली. आता ती निघत नाही, पण डोंगराकडच्या माणसांनी तिला अजून सोडलेलं नाही. हलकी गाडी, चारी चाकांना ताकद, आणि छोट्या दांड्यावर ‘फोर एल’ टाकलं की बैलासारखी एकेक पाऊल टाकत चढते. पाटणच्या वरच्या वाड्यांत कुणाचा टेम्पो अडकला की भाई तीच घेऊन जात.

भाई तिच्यात २० डब्ल्यू ४० घालायचे. या आकड्यांचा अर्थ मी फार उशिरा शिकलो. डब्ल्यू म्हणजे वजन, असं कितीतरी लोक छातीठोकपणे सांगतात. मीही सांगत असे. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा. शाळेच्या पुस्तकात ज्याला श्यानता म्हणतात, तो तेलाचा दाटपणा. आमच्या भागात काकवीचं उदाहरण पटकन कळतं. थंडीत बरणी उलटी केली तरी काकवी खाली यायला तयार नसते, आणि गुऱ्हाळावरच्या कढईत तीच पाण्यासारखी उसळत असते. तेलाचंही तसंच. म्हणून तेल दोनदा तपासतात. २० डब्ल्यूचं तेल उणे १५ अंशांना इंजिन फिरू देतं की नाही हे पाहतात, ५ डब्ल्यूचं उणे ३० अंशांना. दुसरा आकडा ठरतो १०० अंशांवर. तिथे ३० चं तेल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या दरम्यान असतं, ४० चं १२.५ ते १६.३ आणि ५० चं त्याहून वर, २१.९ पर्यंत. एकाच डब्यावर दोन आकडे जमवायचे तर तेलात लांब साखळीचे रेणू मिसळतात. थंडीत ते अंग आखडून बसतात, उष्णतेत हातपाय पसरतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. इंजिनात चिरडून चिरडून हे रेणू तुटतात, म्हणून जुनं तेल आपला आकडा राखत नाही.

आता, लडाखमध्ये जानेवारीत गाडी सुरू करायची तर पहिला आकडा जीव की प्राण. तिथे २० डब्ल्यू घालून बसलात तर सकाळी बॅटरी रडेल. पण कराडात, अगदी महाबळेश्वरच्या थंडीतसुद्धा, उणे १५ कुठून येणार? आपल्याकडे खरी कसोटी दुसऱ्या आकड्याची. मे महिना, चढण, ‘फोर एल’, गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढा, समोरून वारा नाही आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय. तेल तापायला याहून चांगली जागा नाही.

२००८ च्या मे महिन्यात पाटणच्या वर एका गावी कविसंमेलन होतं. भाई लग्नाला मिरजेला गेले होते. मी जिप्सी मागून घेतली आणि निघण्यापूर्वी, भाईंना खूश करावं म्हणून, वाटेत तेल बदलून घेतलं. तिथला विक्रेता मोठा गोड बोलायचा. ५ डब्ल्यू ३० घाला सर, पेट्रोल वाचतं, नव्या जमान्याचं तेल आहे. तो खोटं बोलत नव्हता. पातळ तेल ढवळायला इंजिनाची ताकद कमी लागते, पेट्रोल थोडं वाचतंच. घट्ट अंतरांच्या नव्या इंजिनाला ते तेल उत्तम. आमचं इंजिन मात्र लष्करात आणि नंतर भाईंकडे झिजलेलं. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यातली फट वाढलेली. फट मोठी आणि तेल पातळ, म्हणजे दाब टिकणार कसा? सच्छिद्र पखालीत पाणी भरण्यासारखंच ते. शिवाय झिजलेल्या रिंगांतून तेल जळत होतं, आणि मी निघण्यापूर्वी दांडी काढून पातळी पाहिली होती ती उतारावर गाडी उभी करून. ती नेहमी सपाट जागी पाहावी. तेल आधीच कमी असलं आणि गाडी चढणीवर तिरकी झाली, की खालची चाळणी तेलाऐवजी हवा ओढते.

शेवटच्या चढावर एका वळणाला थांबलो तेव्हा तेलाचा लाल दिवा लुकलुकला. ॲक्सिलरेटर दिला, विझला. पुन्हा थांबलो, पुन्हा पेटला. तो दिवा म्हणजे तेल कमी झाल्याची सूचना नव्हे. दाब जवळजवळ उरलेला नाही, असं तो सांगतो. तो पेटला की इंजिन बंद करायचं, त्या क्षणी. मला हे माहीत होतं; मिस्त्रीच्या घरात एवढं कुणालाही माहीत असतं. पण वर लोक जमले होते आणि माझं नाव तिसरं होतं. मी ॲक्सिलरेटर देत देत वर गेलो, कविता वाचल्या, टाळ्या घेतल्या. परतताना घाट उतरण्याआधीच इंजिनाच्या पोटातून ठकठक सुरू झाली.

गाडी दोरीला बांधून आणली. भाईंनी तेल काढलं, बोटांत चोळलं आणि मला विचारलं, “तेल कौनसा डाल्या था रे?” मी म्हणालो, “भाई, मी तेलाला हातच लावला नाही.”

एवढंच वाक्य. गॅरेजात तेव्हा एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा कामाला होता. जिप्सीचं आधीचं तेल त्यानंच बदललं होतं. गॅरेजात नव्या गाड्यांसाठी पातळ तेलाचा ड्रम वेगळा असे. यानं ड्रम चुकवला, असा भाईंचा समज झाला. भाई वाईट माणूस नाहीत, पण बेअरिंगं, शाफ्टची घासणी, आठवड्याची मेहनत, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. ते त्याला चारचौघांत नको तेवढं बोलले. मी तिथे उभा होतो. पोरगा मान खाली घालून इंजिन खोलत होता. आठवडा पुरा झाला आणि तो कामावर यायचा बंद झाला.

त्यानंतर मी तेलाबद्दल मिळेल ते वाचलं, का ते तुम्ही ओळखलं असेल. गाडीच्या पुस्तकात तापमान आणि तेलाचा ग्रेड यांचा तक्ता असतो, आधी तो पाहावा. त्यातून आपल्या हवेचा ग्रेड निवडावा. इंजिन झिजलं असेल, ओझं ओढायचं असेल, उन्हाळा असेल तर तक्त्याच्या आतला दाट ग्रेड घ्यावा. मात्र दाट म्हणजे चांगलं असं समजून नव्या इंजिनात ५० ओतू नये. सकाळी सुरू करताना दाट तेल वरच्या भागापर्यंत सावकाश पोचतं आणि झीज तिथेच होते. रानातल्या गाडीचं तेल नुसत्या किलोमीटरवर बदलू नये. ‘फोर एल’मध्ये दिवसभरात तीस किलोमीटर होतात, इंजिन मात्र आठ तास चाललेलं असतं. ओढ्यातून गाडी काढली असेल तर दांडी पाहावी. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, गाडी सुरूच करू नये. आणि हल्ली चार चाकांच्या त्या उघड्या मोटारसायकली डोंगरावर भाड्यानं मिळतात, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा क्लच तेलातच बुडालेला असतो. त्यांना कारचं तेल घालू नये, क्लच घसरतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए टू लिहिलंय का ते पाहावं.

तो पोरगा आता चाळिशीकडे झुकलाय. पाटण रस्त्यावर त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. जिप्सी आता माझ्याकडे आहे आणि मी ती त्याच्याकडेच नेतो. उन्हाळ्याआधी तो न विचारता २० डब्ल्यू ५० घालतो. मागच्या वर्षी मी त्याला सांगून टाकलं, त्या वेळचं तेल मी घातलं होतं म्हणून. तो पान्याला लागलेलं तेल पुसत होता.

“माहीत होतं सर,” तो म्हणाला. “फिल्टर मीच काढला होता ना. मी लावलेला निळा होता, निघाला तो पांढरा.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“तुम्ही मालकांचे भाऊ. आणि तुम्ही समोरच उभे होता की.”

चहा मागवला त्यानं. पैसे मी देऊ लागलो तर घेतले नाहीत.

भाई आता थकलेत. गॅरेज पुतण्या बघतो. सकाळी बातम्यांच्या आधी रेडिओ लावायची त्यांची सवय मात्र सुटलेली नाही, त्यामुळे हे भाषण ते ऐकत असतील. भाई, तेल मी बदललं होतं. ५ डब्ल्यू ३०. उरलेलं तेल डब्यासकट माळ्यावर पोत्यामागं आहे.