आई परत गेल्यावर

आज बोलायचं आहे बाळंतिणीविषयी. बाळाचं कौतुक सगळेच करतात, आज त्याच्या आईकडे बघू.

आपल्याकडे बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. इथे अमिरातीत बहुतेकदा माहेरच आपल्याकडे येतं, दोन बॅगा भरून. अळीव, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, वावडिंग, जुन्या मऊ साड्यांची दुपटी. माझी आई आली तेव्हा तिने आमच्या शारजाच्या फ्लॅटमध्ये ओव्याची धुरी दिली आणि स्मोक अलार्म वाजला. वॉचमन धावत वर आला. ती गोष्ट निघाली की आम्ही आजही हसतो.

त्यापुढची गोष्ट मात्र मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. व्हिसाची मुदत संपत आली आणि आई परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कामावर गेला. घरात मी आणि बाळ. बाहेर ऑगस्टचं ऊन, त्यामुळे खाली उतरायची सोय नाही. बाळ झोपलं तरी मला झोप लागेना. रडू यायचं, पण का ते सांगता येत नव्हतं. सासूबाई फोनवर विचारायच्या, "दूध पुरतंय ना गं?" आई विचारायची, "बाळ काय म्हणतंय?" दोघींनाही मी "छान चाललंय" म्हणायचे. दुबईकडे राहणाऱ्या मुलीला कशाची कमी, असं गावाकडे सगळ्यांना वाटतं. मग तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

नंतर डॉक्टरांनी समजावलं. बाळंतपणानंतर शरीरातली हार्मोन्स झपाट्याने खाली येतात, त्यात जागरण. पहिल्या आठवड्यात रडू येणं, चिडचिड होणं अगदी नेहमीचं आहे आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही मन उदास राहिलं, झोप-भूक गेली, बाळाजवळ जावंसं वाटेना, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात बाळंत झालेल्या शंभरातल्या सुमारे 13 जणींना मानसिक त्रास होतो. 1987 सालापासून वापरात असलेली एडिंबरा प्रश्नावली आहे, फक्त 10 प्रश्नांची. तपासणीला जाल तेव्हा तिच्याबद्दल विचारा. अंगावर पाजत असताना चालणारी औषधंही असतात, म्हणून त्या भीतीने गप्प राहू नका. आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर थांबायचं नाही. त्या बाईला एकटं न ठेवता लगेच रुग्णालय गाठायचं. रुग्णवाहिकेचा नंबर 998.

नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनी कायदाही माहीत करून घ्यावा. 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू असलेल्या कामगार कायद्यात खासगी कंपनीत बाळंतपणाची 60 दिवस रजा आहे: 45 दिवस पूर्ण पगार, 15 दिवस अर्धा. बाळंतपणामुळे आजारपण आलं आणि डॉक्टरांचा दाखला असला, तर आणखी 45 दिवसांपर्यंत बिनपगारी रजा मिळते. कामावर परतल्यावर, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत, पाजण्यासाठी रोज एकूण एक तासापर्यंत सुट्टी असते. काही फ्री झोनचे नियम वेगळे आहेत, ते आपल्या ऑफिसात विचारा. भारतात 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे रजा आहे. म्हणून तिकडची बहीण "एवढ्यात कामावर?" असं विचारते. तिला सांगा, ही हौस नाही, इथला नियम आहे.

आता बाबा मंडळींसाठी. बाळ झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तुम्हालाही पाच कामाच्या दिवसांची पगारी रजा आहे. ती एकदम घ्यावी लागत नाही, सुटी सुटीही चालते. बहुतेक जण ती बाळाचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि 120 दिवसांच्या आत काढायचा व्हिसा, या धावपळीत संपवतात. माझं ऐका, त्यातले दोन दिवस तरी आजी परत जाईल त्या आठवड्यासाठी राखून ठेवा.

सव्वा महिन्याच्या जुन्या रीतीतली धुरी इथे जमणार नाही, आणि न जमली तरी चालेल. पण त्या रीतीत बाळंतिणीला एकटं ठेवत नसत आणि तिच्याकडून कामाची अपेक्षा करत नसत. तेवढं तरी आपण इथे सांभाळू शकतो. बारशाला तुम्ही सगळे याल, चांदीचा वाळा द्याल. पण आजी गेल्यानंतरच्या मंगळवारी, दुपारी, वरण-भाताचा डबा घेऊन जा. बाळाला तासभर मांडीवर घ्या आणि तिला आंघोळ करू द्या, झोपू द्या. आणि जाताना बाळाबद्दल विचारण्याआधी एकदा तिला विचारा, "तू कशी आहेस?" तिने "छान" म्हटलं, तर जरा थांबून पुन्हा विचारा.

येते मी. काळजी घ्या. नमस्कार.