कोकणातले दुसरे काजी



काजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निकाह लावणारा माणूस येतो. कोल्हापुरात वाढलेल्या माझ्याही डोळ्यांसमोर तोच यायचा. पण घाट उतरून अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात गेलं, की आणखी एका काजीची आठवण निघते. तो काजी ज्यू होता.

हा विषय मी मुद्दाम घेतला. गाझातली दृश्यं बघून आपण सगळे अस्वस्थ आहोत आणि त्या अन्यायाविरुद्ध बोललंच पाहिजे. पण परवा एका मुलानं बोलता बोलता ‘यहुदी’ हा शब्द शिवीसारखा वापरला. मी विचारलं, “बाळा, तू एखाद्या यहुद्याला भेटलायस का?” तो गप्प बसला. त्याला तेव्हा द्यायचं राहून गेलेलं उत्तर आज देतो.

कोकणातल्या ज्यूंना बेने इस्राएल म्हणतात. त्यांचं जहाज नौगावजवळ फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावं किहीमकर, दिवेकर, झिराडकर. भाषा मराठी. प्रार्थनेला नमाज, उपासाला रोजा आणि प्रार्थनास्थळाला मशीद हे शब्द त्यांच्याही तोंडी होते. मुंबईचं मस्जिद स्टेशन त्यांच्याच मशिदीवरून ओळखलं जातं, असं सांगतात. मलिदा तर त्यांच्याही घरी होतो: पोहे, नारळ, गूळ किंवा साखर आणि फळं.

या समाजाला पूर्वी रब्बी नव्हते. दाविद राहाबी नावाच्या गुरूनं काही जणांना शिकवून तयार केलं, असं मानतात. त्यांच्या घराण्यांत काजीपद वंशपरंपरेनं चाललं. काजी गावोगाव फिरायचे, लग्नं लावायचे, सुंता करायचे, भांडणं मिटवायचे.

सुंतेचंच बघा. आपल्याकडे तिच्या वयात मागंपुढं चालतं. ज्यूंमध्ये जन्माचा दिवस धरून आठवा दिवस ठरलेला असतो. सोमवारी जन्मलेल्या बाळाची सुंता पुढच्या सोमवारी. आठवा दिवस शनिवारी आला तरी ती टळत नाही. पण शनिवारी वाहनात बसायचं नाही, म्हणून सुंता करणारा आदल्या दिवशीच मुक्कामाला यायचा. एक खुर्ची एलियाहू पैगंबरांसाठी ठेवतात. आणि नियम कडक असला तरी आंधळा नाही. बाळ आजारी असेल तर थांबायचं. दोन भाऊ सुंतेनंतर रक्तस्रावानं दगावले असतील, तर तिसऱ्याची करायची नाही, असं तालमूद या जुन्या ग्रंथात सांगितलंय. लेकराचा जीव रिवाजाच्या वर, हे धर्माच्याच चौकटीत.

दुसरी गोष्ट सामाजी दिवेकरांची. इंग्रजांच्या फौजेतले हे अंमलदार टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. ‘बेने इस्राएल’ हे नाव ऐकून टिपूच्या आईनं रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला, अशी आख्यायिका त्यांच्या समाजात सांगतात. कुराणात ‘बनी इस्राईल’चा उल्लेख किती वेळा येतो, हे तुम्हाला माहीत आहे. सुटून आल्यावर दिवेकरांनी 1796 साली मुंबईत समाजाची पहिली मशीद बांधली.

तिसरी गोष्ट आपल्याला जास्त जवळची. 1948 नंतर हजारो बेने इस्राएल इस्रायलला गेले. 1962 साली तिथल्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं, की लग्नाआधी यांची वंशावळ तपासा. म्हणजे, तुम्ही खरे ज्यू आहात का? पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळलेल्या माणसांना हा प्रश्न! त्यांनी 1964 साली जेरुसलेममध्ये धरणं धरलं. शेवटी तिथल्या संसदेला ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर करावं लागलं आणि फर्मानातून त्यांचं नाव वगळलं गेलं.

“तुम्ही मराठी बोलता, तुमची उर्दू कच्ची, तुम्ही कसले मुसलमान?” हे ऐकलेले किती जण इथे बसलेत? हात वर करू नका, मला माहीत आहे. मीही ऐकलंय. बेने इस्राएलांनी मराठी सोडली नाही आणि धर्मही सोडला नाही.

आज भारतात हा समाज चार-पाच हजारांवर आलाय. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, तेवढे कोकणातल्या कित्येक गावांत जमत नाहीत. 2016 साली महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. म्हणजे कागदावरही ते आणि आपण एकाच रांगेत आहोत.

एखाद्या सरकारच्या कृत्यांचा निषेध जरूर करा, नाव घेऊन करा. पण त्याचा हिशेब कोकणातल्या तेल्याच्या नातवाकडे मागू नका. दुसऱ्या देशातल्या कुणाच्या तरी कृत्याचा जाब कोल्हापुरात आपल्याला विचारला, तर कसं वाटतं ते आपण जाणतो.

पुढच्या सुट्टीत अलिबागला गेलात, तर समुद्र बघून लगेच परतू नका. इस्राएल आळीत जा. कुणी भेटलं तर मराठीत बोला आणि त्यांच्या काजींची आठवण काढा. कोल्हापूरचा माणूस हे विचारतोय म्हटल्यावर त्यांना बरं वाटेल.