शिक्षक आणि शिक्षणयंत्र

चाळीस मुलांच्या वर्गांत फळ्यावरील गणित एकच असतें. पण तें सोडविण्याची प्रत्येकाची गति निराळी असते. इ. स. १९५३ मध्यें अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ्. स्किनर आपल्या मुलीच्या शाळेंत गणिताचा तास पाहावयास गेले, तेव्हां हीच गोष्ट त्यांच्या मनाला लागली. कांहीं मुलांचीं उदाहरणें केव्हांच संपलीं होतीं, कांहींचीं सुटतच नव्हतीं. आणि आपलें उत्तर बरोबर कीं चूक, हें तत्काळ कोणालाच कळत नव्हतें. पुढें त्यांनीं एक शिक्षणयंत्र तयार केलें. त्यांत प्रश्न लहान लहान पायऱ्यांनीं येत, निकाल तेथल्या तेथें मिळे, आणि प्रत्येक मूल आपल्या चालीनें पुढें जाई.

आज हें काम संगणक अधिक सफाईनें करतो. तथापि एक साधें उदाहरण घ्यावें. बेचाळिसांतून सतरा वजा करावयास सांगितले असतां एखादें मूल पस्तीस लिहितें. यंत्र चुकीची खूण करतें. शिक्षक विचारतो, "बाळ, हें कसें केलेंस ?" मूल सांगतें, "दोनांतून सात जात नाहींत, म्हणून सातांतून दोन काढले." म्हणजे तें मूल निष्काळजी नसून एक चुकीचा नियम प्रामाणिकपणें पाळीत आहे. अशा चुका हुडकणारा संगणकाचा कार्यक्रम ब्राऊन व बर्टन यांनीं १९७८ सालींच मांडला होता. तेव्हां यंत्राला हें साधत नाहीं, असें म्हणणें न्यायाचें नव्हे. पण चूक सांपडल्यावर ओशाळलेल्या मुलाला धीर देऊन पुन्हां पाटीकडे वळविण्यास शेजारीं माणूसच बसावा लागतो.

सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या शाळेंतील कार्यासाठीं रणजितसिंह डिसले यांना २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून त्यांनीं कविता व चित्रफिती मुलांपर्यंत पोंचविल्या, हें सर्वश्रुत आहे. परंतु मुलांची घरची भाषा कानडी, म्हणून ते स्वतः कानडी शिकले, ही गोष्टहि तितकीच महत्त्वाची आहे.

उजळणी आणि तपासणी यंत्राकडे खुशाल सोंपवावी. मात्र त्यामुळें वांचलेला वेळ मुलांसाठींच खर्चिला पाहिजे. त्या जोरावर वर्गांत आणखी वीस मुलें बसविलीं, तर सारा लाभ फुकट जाईल. घरच्या वडील माणसांनींहि पडद्यावर गुण किती पडले, हें विचारण्यापूर्वीं मुलाला जवळ बसवून, "हें कसें केलेंस ?" एवढें अवश्य विचारावें, आणि त्याचें उत्तर शांतपणें ऐकून घ्यावें.