गोठलेला जीव जगतो काय?



सोलापूरच्या वैशाखात बर्फाचा विषय काढला म्हणजे श्रोते निदान उठून तरी जाणार नाहीत, अशी आम्हांस आशा आहे. परंतु विषय दूरचा नाही. आपल्या गोठ्यातलाच आहे.

जिवंत प्राणी गोठवला तर पुन्हा जगेल काय? बहुधा नाही. घात करतो तो मुख्यतः बर्फ. पाणी गोठू लागले की त्यातील क्षार मागे उरतात. आटत चाललेल्या आमटीप्रमाणे उरलेला द्रव खारट होत जातो आणि पेशीतील पाणी ओढून घेतो. फार झपाट्याने गोठवावे, तर पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक होऊन ती फुटते.

उत्तर अमेरिकेतील एक रानबेडूक यातून निभावतो. हिवाळ्यात त्याच्या अंगातील निम्म्याहून अधिक पाण्याचा बर्फ होतो, हृदय थांबते. तरी वसंतात तो पुन्हा उड्या मारतो. गोठू लागताच त्याचे यकृत रक्तात भरपूर साखर सोडते व ती पेशींना राखते. असाच उपाय इंग्लंडात १९४९ साली पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांना सापडला. ग्लिसरीन घातले असता कोंबड्याचे शुक्रजंतू गोठवूनही जिवंत राहिले.

त्याचे फळ पुणे रस्त्यावर पाहा. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली 'बाएफ' संस्था स्थापिली. तिने वळूंचे गोठवलेले रेत शेतकऱ्यांच्या दारापर्यंत नेले. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रात रेताची कांडी वर्षानुवर्षे टिकते. परंतु नत्र आटून कांडी वितळली, की ती पुन्हा गोठवून उपयोग नाही. आणि बिघाड बाहेरून दिसत नाही. म्हणून भांड्यात नत्र पुरेसा आहे ना, हे विचारण्यास संकोचू नये. एक माज वाया गेला तर सुमारे तीन आठवडे पुन्हा वाट पाहावी लागते.

शुक्रजंतू म्हणजे एकच पेशी, म्हणून हे साधते. अख्खी म्हैस गोठवून उठविणे कोणासही साधलेले नाही. आपल्या जिल्ह्याची लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस घ्या. तिच्या रेड्यांचे रेत साठवता येते, साठवावेही. पण त्याला त्याच जातीच्या म्हशीची कूस हवी, आणि तिला चारा घालणारा धनी हवा. तीच गोठ्यातून नाहीशी झाली, तर त्या कांड्यांतून शुद्ध पंढरपुरी रेडकू कोठून जन्मणार?