हक्कांच्या वाटेवरील यात्रा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



यात्रा हा शब्द आपल्या घराघरांत रुळलेला आहे. पंढरपूर, काशी, रामेश्वर ही नावे घेताच वडीलधाऱ्यांचे हात आपोआप जोडले जातात. आज आम्ही आपल्यापुढे एका निराळ्या यात्रेची हकीकत ठेवणार आहोत. अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती मंडळ्या आणि यहुदी प्रार्थनासमाज आपल्या सभासदांना घेऊन दक्षिणेकडील अलाबामा राज्यात जातात. कृष्णवर्णीयांनी नागरी हक्कांसाठी जो लढा दिला, त्याची स्थळे ही मंडळी पाहतात, तेथे प्रार्थना करतात आणि तो काळ भोगलेल्यांचे अनुभव ऐकतात.

या यात्रेचे पहिले ठाणे बहुधा माँटगोमेरी. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या बाईंनी बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्याचे नाकारले व त्यांना अटक झाली. त्यानंतर ३८१ दिवस तेथील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. मोलमजुरी करणाऱ्या बाया मैलोगणती पायी चालल्या. या लढ्याच्या सभा प्रार्थनामंदिरांत भरत, आणि त्याचे पुढारीपण आले ते मार्टिन ल्यूथर किंग या अवघ्या २६ वर्षांच्या धर्मोपदेशकाकडे.

दुसरे ठाणे बर्मिंगहॅम. १९६३ च्या मे महिन्यात येथे निदर्शने करणाऱ्या मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले, पाण्याचे जोरदार फवारे मारले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये बाँबस्फोट होऊन चार मुली मृत्युमुखी पडल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. याच शहरातील तुरुंगातून किंग यांनी आपले प्रसिद्ध पत्र लिहिले. ते कोणाला उद्देशून होते? जुलूम करणाऱ्या पोलिसांना नव्हे, तर आठ गोऱ्या धर्मगुरूंना. ही सभ्य, विद्वान माणसे होती. निदर्शने अवेळी आहेत, थोडा धीर धरा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

तिसरे ठाणे सेल्मा. मताधिकारासाठी निघालेल्या सुमारे ६०० लोकांना ७ मार्च १९६५ रोजी तेथील पुलावर पोलिसांनी निर्दयपणे झोडपले. किंग यांनी देशभरच्या धर्मगुरूंना हाक दिली. पाद्री आले, जोगिणी आल्या, यहुदी आचार्य आले. बॉस्टनहून आलेले जेम्स रीब हे गोरे धर्मोपदेशक गुंडांच्या मारहाणीत जखमी होऊन ११ मार्चला निवर्तले. २१ मार्चला निघालेल्या पदयात्रेत पंडित अब्राहम हेशेल किंग यांच्याबरोबर चालले. सेल्मा ते माँटगोमेरी हे ५४ मैलांचे अंतर तोडून २५ मार्चला यात्रा पोहोचली. ६ ऑगस्टला मताधिकाराचा कायदा झाला. आज त्या पुलावरून चालणारे भाविक या जुन्या हाकेलाच ओ देत असतात.

सज्जनहो, या यात्रेचे मर्म येथे आहे. बाँब जेथे फुटला ते देवाचेच घर, आणि धीर धरा म्हणणारेही देवाचेच सेवक. म्हणून त्या भाविकांना एक प्रश्न टाळता येत नाही : त्या दिवशी आपले चर्च कोणत्या बाजूला उभे होते? माँटगोमेरीत २०१८ साली उघडलेल्या स्मारकात, जमावाने ठार मारलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांचे स्मरण केलेले आहे. छताला टांगलेल्या ८०० हून अधिक पोलादी स्तंभांवर एकेका जिल्ह्याचे नाव आहे. यात्रेकरूला तेथे आपल्या जिल्ह्याचे नाव शोधता येते.

ही वाट आपल्या देशाला परकी नाही. कृष्णवर्णीय धर्मोपदेशक हॉवर्ड थरमन १९३६ साली बारडोलीस गांधीजींना भेटले; १९५९ साली किंग दांपत्य भारतात आले व मुंबईत मणिभवनात राहिले. ते आपल्याकडे शिकावयास आले होते. मग आपण आपल्या स्थळांकडे शिकावयास कधी जाणार? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, आणि माणसांच्या स्पर्शाने विटाळले म्हणून ते तळे शुद्ध करण्यात आले. २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह झाला. रामाच्या दर्शनाला आलेल्यांना रामभक्तांनीच अडविले.

आमची मंडळाला विनंती आहे की, येत्या वर्षीच्या यात्रेत नाशिक आणि महाड ही दोन ठिकाणे घ्यावीत. नाशिकला आपण दर्शनाला जातोच. या वेळी दरवाजाबाहेर थोडे थांबावे. महाडला ज्यांचे आजोबा-पणजोबा त्या तळ्यावर गेले, त्यांच्यापुढे बसून ऐकावे. मुलांना अवश्य बरोबर न्यावे, आणि त्यांनी विचारले की आपली ज्ञाती तेव्हा कोठे होती, तर त्यांना गप्प करू नये. जुनी कागदपत्रे काढावीत, वृद्धांना विचारावे, आणि जे सापडेल ते पुढील स्मरणिकेत छापावे. ज्ञातीचा अभिमान बाळगणाऱ्यांना एवढे धैर्य शोभून दिसेल.