धुरात आपण सगळेच परगावचे
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवात आठवणी सांगायच्या असतात. मी एकच सांगणार आहे, आणि ती माझ्या चुकीची आहे.

फाल्गुन अमावस्येला आपल्या वढूत छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीला माणसांचा पूर लोटतो. परगावचा माणूस चौकाचौकात पाटी शोधतो. आपण शोधत नाही, आपल्याला रस्ता पाठ आहे. सोसायटीबद्दलही मला तसंच वाटायचं. मी सेक्रेटरी असताना जिन्यात पाट्या लावायचा विषय सभेत आला, तेव्हा मीच म्हणालो, "तीन मजले, एक जिना. पाटी लावायची कुणासाठी?" विषय तिथेच संपला. मुलं वर जातात म्हणून गच्चीच्या दाराला कुलूपही मीच घातलं होतं.

मग ती रात्र आली. जिन्याखालच्या मीटरबोर्डाने पेट घेतला, वीज गेली, जिना धुराने भरला. आम्ही तिसऱ्या मजल्यावरचे लोक वर धावलो, तर वर कुलूप आणि किल्ली माझ्या कपाटात! परत उतरताना भिंत चाचपत मी शेजाऱ्यांच्या दारावर धडका देत होतो, ते माझंच घर समजून. इतकी वर्षं चढलो-उतरलो त्या जिन्यात! वायरमनने खांबावरून लाइन बंद केली, वाळूने आग विझली, कुणाला इजा झाली नाही. हे आपलं नशीब, माझी हुशारी नव्हे.

29 डिसेंबर 2017 च्या पहाटेआधी मुंबईत कमला मिलमध्ये आग लागली. 14 जण गेले. त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात गुदमरलेले सापडले. धुरात माणूस सापडेल त्या दारात शिरतो. कोणतं दार बाहेर नेतं, हे सांगायलाच पाटी असते.

सणसवाडी, रांजणगावला कामाला जाणाऱ्यांना ती पाटी ओळखीची आहे. हिरव्या पाटीवर दाराकडे पळणारा माणूस. जपानच्या युकिओ ओता यांनी तो घडवला आणि आज जगभर तो दिसतो. अक्षर न येणाऱ्या आजीला आणि लहान नातवालाही तो कळतो. ही पाटी प्रत्येक मजल्यावर हवी, बाणासह, आणि वीज गेली तरी चमकणारी. धूर वर साठतो, म्हणून एक खुणेची पट्टी खाली, पायांजवळही असावी. मजल्याचा आकडा मोठा लिहावा. लिफ्ट असेल तिथे 'आगीत लिफ्ट वापरू नका' हे लिहिलेलं हवं.

तुमची मुलं वाघोली-खराडीच्या उंच इमारतींत राहतात. तिथे जिन्याला जाड, आपोआप मिटणारं दार असतं. त्यावर लिहिलेलं असतं, 'आगरोधक दार, बंद ठेवा'. वारा यावा म्हणून लोक त्याला कुंडी लावून ते उघडं ठेवतात. मग धूर थेट जिन्यात शिरतो. ते दार मिटलेलं हवं, पण कुलूप लावलेलं कधीच नको.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 ही जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकतो. यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा द्यावं लागतं. पण कागदावर सही केली म्हणून जिना मोकळा होत नाही. पाटीने दाखवलेल्या वाटेवर चपलांचं रॅक आणि सायकली असतील, तर पाटी काय करणार?

गच्चीचं कुलूप मी दुसऱ्याच दिवशी काढलं, आता आतून फक्त कडी आहे. आणखी एक लक्षात ठेवा. जिन्यात धूर असेल तर बाहेर धावू नका. दार लावा, फटीत ओला टॉवेल कोंबा, खिडकीशी थांबा आणि 101 ला फोन करा.

आज घरी जाताना मुलांचा हात धरून जिना उतरून बघा, वाटेत काय काय आडवं येतं ते मोजा. आणि ते आजच उचला.