दुकानाचा पत्ता आणि दुकानाची पत



पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आनंदसोहळा साजरा होत असताना दुकानदारीसारखा रुक्ष विषय कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास त्यात वावगे काही नाही. परंतु समाजाच्या संस्था ज्या दानावर उभ्या राहतात, ते दान बहुतांशी दुकानाच्या गल्ल्यातूनच येते. त्या गल्ल्याकडे येणारी गिऱ्हाइकाची वाट बदलली असेल, तर तिचा विचार अशा प्रसंगी होणे उचितच होय. आजच्या विवेचनाचा विषय आहे मोबाईलमधील नकाशा आणि त्या नकाशावर दिसणारे, किंवा न दिसणारे, आपले दुकान.

गिऱ्हाइकाची वाट बदलण्याचा अनुभव या परिसराला नवा नाही. कल्याण हे प्राचीन बंदर. 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख येतो. साष्टीतील कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी, सुवर्णकाराने, लोहाराने दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. त्या लेखांत दात्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याचा व्यवसाय कोरलेला आढळतो. कोण, कुठला आणि काय करतो, या तीन गोष्टी कळल्या की माणसाची ओळख पटते, हे त्या काळच्या व्यापाऱ्यालाही ठाऊक होते. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. त्यानंतर खाडीच्या धक्क्याचे महत्त्व ओसरत गेले आणि स्टेशनकडे जाणारा रस्ता हीच मुख्य पेठ झाली. ज्यांनी स्टेशनचा रस्ता वेळीच ओळखला त्यांचा व्यापार वाढला.

आज तशीच एक नवी वाट तयार झाली आहे. घोडबंदर मार्गावरील गृहसंकुले असोत वा कल्याण-शीळ रस्त्यावरील पलावासारखी वसाहत, तेथे राहावयास आलेले कुटुंब नौपाड्यातील किंवा फडके रस्त्यावरील जुन्या पेढ्यांना ओळखत नाही. लग्नाचा बस्ता बांधायचा असो की शाळेचा गणवेश घ्यायचा असो, पूर्वी शेजाऱ्याला विचारले जाई. आता मोबाईलला विचारले जाते. मोबाईलने तीन दुकानांची नावे दाखवली आणि त्यांत चाळीस वर्षांच्या पेढीचे नाव नसले, तर त्या कुटुंबाच्या लेखी ती पेढी अस्तित्वातच नसते. माल तोच, भाव तोच, सचोटीही तीच. परंतु वाट विचारणाऱ्याला उत्तर देणारा शेजारी बदलला आहे.

हा नवा शेजारी उत्तर देतो तरी कसा, हे समजून घेणे आवश्यक आहे. गूगल मॅप्स ही सेवा २००५ मध्ये सुरू झाली. दुकानदाराने स्वतःची नोंद सांभाळण्याच्या सोयीला २०१४ पासून 'गूगल माय बिझनेस' हे नाव होते. नोव्हेंबर २०२१ पासून तिला 'गूगल बिझनेस प्रोफाइल' म्हणतात. ही नोंद विनामूल्य आहे. कोणते दुकान वर दाखवायचे हे मुख्यत्वे तीन कसोट्यांवर ठरते, असे कंपनीनेच जाहीर केलेले आहे. पहिली कसोटी अनुरूपतेची : गिऱ्हाइकाने जे विचारले ते या दुकानात मिळते काय? दुसरी अंतराची : विचारणाऱ्यापासून दुकान किती लांब आहे? तिसरी ख्यातीची : त्या दुकानाविषयी किती लोकांनी काय लिहिले आहे, अन्यत्र त्याचा उल्लेख कितपत येतो? पैसे भरून या क्रमात वर चढता येत नाही. जाहिरात विकत घेता येते; परंतु ती जाहिरात म्हणूनच दाखवली जाते.

यांतील अंतराच्या कसोटीपुढे कोणाचाच इलाज नाही. घोडबंदरच्या रहिवाशाने नुसते 'साडीचे दुकान' असे शोधले तर त्याला जवळची दुकाने आधी दिसणार. नौपाड्यातील पेढीने त्याचे दुःख करू नये. परंतु त्याच रहिवाशाने कोणाकडून तरी नाव ऐकून त्या नावाने शोध घेतला, तर पेढी अचूक सापडलीच पाहिजे. उरलेल्या दोन कसोट्या मात्र बऱ्याच अंशी व्यापाऱ्याच्या हातात आहेत.

प्रथम पत्त्याचा विचार करू. ज्यांनी या देशाला पिनकोड दिला ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील मराठी अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी कवी होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिपी, चुकीची अक्षरे यांमुळे पत्रे भलतीकडे जात. सहा आकड्यांनी तो गोंधळ पुष्कळसा मिटवला. नकाशावरचा गोंधळ त्याच जातीचा आहे. स्टेशन रोड, शिवाजी चौक, गांधी चौक ही नावे गावोगावी आहेत. डोंबिवली हे नाव इंग्रजीत लिहिताना कोणी एक अक्षर कमी घालतो, कोणी अधिक. म्हणून नोंदीत इमारतीचे नाव, गाळा क्रमांक, रस्ता, जवळची खूण आणि पिनकोड हे सारे पूर्ण असावे.

या भागात पूर्व आणि पश्चिम हा भेद तर विशेषच जपावा लागतो. डोंबिवली पूर्वेचा पिनकोड ४२१२०१ आणि पश्चिमेचा ४२१२०२. एका आकड्याचा फरक, पण मध्ये लोहमार्ग आहे. नकाशावरील खूण रुळांच्या पलीकडे पडली, तर पायी येणाऱ्याला पादचारी पूल चढावा लागतो आणि वाहनाने येणाऱ्याला कोपर किंवा ठाकुर्लीच्या उड्डाणपुलाचा वळसा पडतो. सायंकाळच्या गर्दीत असा वळसा पडलेले गिऱ्हाईक पुन्हा इकडे वळत नाही. तेव्हा पत्ता लिहून थांबू नये. ती खूण बोटाने सरकवून नेमकी आपल्या दुकानाच्या दारावर आणावी आणि दुसऱ्याच्या मोबाईलवरून एकदा तपासून पाहावी.

त्यानंतर नाव. दुकानाच्या फलकावर जे नाव आहे तेच नोंदीत असावे. काही जण नावापुढे 'उत्तम', 'स्वस्त', 'ठाण्यातील सर्वोत्कृष्ट' अशी विशेषणे जोडतात. त्यामुळे काही दिवस लाभ झाल्यासारखे वाटते. परंतु ते नियमाविरुद्ध असून अशी नोंद स्थगित होऊ शकते. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, तेव्हापासून नोंदणीकृत व्यापाऱ्याने कर-नोंदणी क्रमांक प्रवेशद्वारावरील फलकावर दाखवणे बंधनकारक आहे. २०२२ मधील कायदादुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी फलक आवश्यक झाला. प्रमाणपत्र, फलक, बिलबुक आणि नकाशा या चारही ठिकाणी नाव एकच असले म्हणजे पडताळणी सुलभ होते. हल्ली पडताळणीसाठी बहुधा चित्रफीत मागितली जाते. तीत रस्ता, फलक, दुकानाचा अंतर्भाग आणि कारभार आपल्याच हाती असल्याचा पुरावा अखंडपणे दाखवावा लागतो.

अनुरूपतेसाठी व्यवसायाचा प्रकार नेमका निवडावा. ज्याच्याकडे मुख्यत्वे साड्या आहेत त्याने नुसते 'कपड्यांचे दुकान' असे लिहून भागत नाही; पडदे-चादरींचा व्यापार असेल तर तसेच सांगावे. मालाची आणि दर्शनी भागाची स्वच्छ छायाचित्रे द्यावीत. दुकानाच्या वेळा विशेष काळजीने भराव्यात. साप्ताहिक सुट्टी, दुपारची विश्रांती, दिवाळीतील वाढीव वेळ आणि संवत्सरीसारख्या दिवशीची बंदी यांची आगाऊ नोंद करता येते. नकाशाने 'उघडे आहे' असे सांगावे आणि गिऱ्हाइकाने येऊन कुलूप पाहावे, यात नकाशाची नव्हे तर दुकानाची पत जाते.

ठाणे आणि डोंबिवलीत जुन्या इमारतींचा पुनर्विकास मोठ्या प्रमाणावर चालू आहे. दुकान काही वर्षांकरिता दुसऱ्या गाळ्यात हलते आणि नंतर मूळ जागी परतते. अशा वेळी पुष्कळ जण जुनी नोंद तशीच सोडून नवी तयार करतात. परिणामी एकाच पेढीच्या दोन नोंदी होतात आणि गिऱ्हाईक पाडलेल्या इमारतीसमोर जाऊन उभे राहते. जुन्याच नोंदीतील पत्ता बदलणे हा योग्य मार्ग होय. त्यामुळे गिऱ्हाइकांनी लिहिलेले जुने अभिप्रायही सामान्यतः तिच्यासोबत राहतात. दुकान काही काळ बंद ठेवायचे असल्यास 'तात्पुरते बंद' असे नोंदवावे, 'कायमचे बंद' असे नव्हे.

नोंद दुर्लक्षित ठेवल्याने किती अनर्थ होऊ शकतो, याचे उदाहरण ठाण्याशीच निगडित आहे. नकाशावरील माहितीत सुधारणा सुचवण्याची मुभा सर्वांनाच असते. या मुभेचा गैरफायदा घेऊन ठाण्यातील काही भामट्यांनी बँकेच्या नोंदीतील दूरध्वनी क्रमांक बदलून तेथे स्वतःचे क्रमांक घातल्याचे प्रकरण ऑक्टोबर २०१८ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. बँकेत दूरध्वनी करीत आहोत अशा समजुतीने लोक त्या क्रमांकावर बोलत आणि कार्डाची गोपनीय माहिती देऊन बसत. बँक ऑफ इंडियाकडून अशा किमान तीन तक्रारी महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. २०१८ या एका वर्षात तीस लाखांहून अधिक बनावट व्यावसायिक नोंदी काढून टाकल्याचे गूगलनेही पुढील वर्षी जाहीर केले. बँकेसारख्या संस्थेची ही गत, तर साध्या कापड दुकानाची काय कथा! नोंद स्वतःच्या नावे पडताळून घेतलेली असेल तर सुचवलेल्या बदलांची सूचना मालकाकडे येते आणि चुकीचा बदल परतवता येतो. रोजमेळ जसा दररोज लिहिला जातो, तशी ही नोंद निदान महिन्यातून एकदा उघडून पाहिली पाहिजे.

आता ख्यातीचा, म्हणजे अभिप्रायांचा प्रश्न. समाधानी गिऱ्हाइकाला बिल देताना 'आपला अभिप्राय अवश्य लिहा' असे विनयाने सांगण्यात गैर काही नाही. मात्र सवलतीचे आमिष दाखवून स्तुती लिहून घेणे, पैसे देऊन अभिप्रायांचा गठ्ठा विकत घेणे, किंवा स्पर्धकाविषयी खोटी निंदा लिहवणे हे सर्वथा त्याज्य आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले, ते अशाच गैरप्रकारांना आळा बसावा म्हणून. ताका मोजताना गज आखूड ठेवणे आणि खोटा अभिप्राय लिहवणे यांत तत्त्वतः काही अंतर नाही. प्रतिकूल अभिप्राय आल्यास चिडून उत्तर देऊ नये. रंग गेला असेल तर कापड बदलून द्यावे आणि तसे तेथे शांतपणे लिहावे. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे येणारी गिऱ्हाइके अधिक बारकाईने वाचतात.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. 'पैसे भरा, अन्यथा तुमची नोंद काढली जाईल' असे दूरध्वनी व्यापाऱ्यांना येतात. अशा धमकीला भुलू नये, कारण नोंदीला शुल्कच नाही. कोणाकडून हे काम करून घ्यायचेच असेल तर खुशाल घ्यावे, परंतु खाते मालकाच्याच ईमेलवर असावे. दुसऱ्याच्या खात्यावर उघडलेली नोंद म्हणजे दुसऱ्याच्या नावावर घेतलेला गाळा. तसेच सर्व भिस्त एकाच सोयीवर ठेवू नये. या नोंदीतून आपोआप तयार होणारी विनामूल्य संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद झाली आणि ज्यांचे दुसरे संकेतस्थळ नव्हते त्यांची अडचण झाली. नकाशाचा उपयोग जरूर करावा. पण गिऱ्हाइकांचे नाव-क्रमांक लिहिलेली वही दुकानात असलीच पाहिजे.

हे सर्व साध्य करण्यास मोठे भांडवल लागत नाही. घरातील महाविद्यालयीन मुलाने वा मुलीने एखाद्या रविवारी दोन-तीन तास आजोबांजवळ बसावे. पेढी कधी स्थापन झाली, कोणता माल ठेवला जातो, दुकान कोणत्या दिवशी बंद असते, हे त्यांना विचारून नोंद पूर्ण करावी. ज्या ज्येष्ठ दुकानदारांच्या घरी असे कोणी नाही, त्यांच्यासाठी समाजातील तरुणांनी हे काम सेवा म्हणून अंगावर घ्यावे. शेवटी नकाशा काही पत निर्माण करीत नाही. ती मापाने, मालाने आणि शब्दाला जागण्याने निर्माण होते. परंतु वडिलांनी मिळवलेली पत नव्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवायची तर पत्ता खरा, पूर्ण आणि अद्ययावत असला पाहिजे. एवढे कर्तव्य प्रत्येक पेढीने यंदाच्या दिवाळीपूर्वी पार पाडावे, हीच नम्र विनंती.